बाथरूम आणि स्वयंपाकघर: कंत्राटदार निवडीपासून कामापर्यंतच्या नोंदी

४ जानेवारी

खालच्या मजल्यावरचे काका आज पुन्हा वर आले. रागावले नाहीत, "एकदा येऊन बघ" एवढंच म्हणाले. त्यांच्या बाथरूमच्या छताला परातीएवढा डाग पडलाय आणि मधोमध प्लास्टर फुगलंय. आमच्याकडे बेडरूमच्या भिंतीला लोणा धरलाय, रंगाचे पोपडे सुटतायत. सहा वर्षांपूर्वी केलेलं बाथरूमचं काम वाया गेलं, हे आता मान्य करायला हवं.

त्या वेळी माणूस कसा निवडला होता ते आधी लिहून ठेवते. तिघांना दर विचारले, सगळ्यांत कमी सांगणाऱ्याला काम दिलं. निम्मी रक्कम काम सुरू होण्याआधीच हातात ठेवली. कागदावर एकच ओळ होती: "बाथरूम नूतनीकरण, वॉटरप्रूफिंगसह." दुसऱ्या वर्षी कोपऱ्यात ओल दिसली तेव्हा फोन केला. दोनदा "येतो" म्हणाले, मग फोन उचलणंच बंद झालं. कोणतं रसायन वापरलं, किती हात मारले, पाणी भरून पाहिलं होतं का, यातलं एकही उत्तर माझ्याकडे नव्हतं. एक फोटोसुद्धा नव्हता.

रात्री नाणं घेऊन जमिनीच्या टाइल वाजवून पाहिल्या. ४२ पैकी १३ पोकळ वाजल्या. टाइलच्या मागे मसाला पूर्ण न पसरता चार-पाच गोळे टाकून दाबलं की असं होतं. मग आत पाणी साठतं आणि ते बाहेरून दिसत नाही.

दादाला फोन केला. खर्च दोघांनी निम्मा निम्मा करायचा ठरलं. बाथरूमबरोबर स्वयंपाकघराचंही काम उरकायचं, कारण आईला आता जुना ओटा उंच पडतो.

७ जानेवारी

कुणालाही बोलवायच्या आधी काय करायचंय ते स्वतः लिहून काढलं. दोन संध्याकाळी टेप घेऊन मापं घेतली, आईने टेपचं दुसरं टोक धरलं. बाथरूम स्लॅबपर्यंत उकरायचं, सगळे पाइप नवे, ढाळ नव्याने, टाइल. स्वयंपाकघरात ओटा, सिंक, नवीन वायरिंग. पॅसेज आणि स्वयंपाकघर यांच्यातली भिंत अर्धी काढता आली तर उजेड येईल, पण ती काढता येते का हे मला ठरवता येणार नाही. त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवायचं.

१२ जानेवारी

इंजिनिअर येऊन गेले. त्यांची फी वेगळी दिली, आणि ती सर्वांत योग्य जागी गेली असं मला वाटतं. काम मिळवण्यात त्यांचा काही फायदा नाही, त्यामुळे ते जे सांगतात ते सरळ सांगतात.

भिंतीबद्दल पहिलंच वाक्य: "नुसत्या जाडीवरून ठरवू नका." पातळ भिंतसुद्धा वरचा भार घेत असू शकते. त्यांनी इमारतीचे नकाशे पाहिले, वर बीम कुठून जातो ते पाहिलं, वरच्या मजल्यावर त्याच रेषेत भिंत आहे का तेही जाऊन पाहिलं. आमची भिंत फक्त आडोशाची निघाली. काढता येईल, मात्र त्यातून वायरिंगचा पाइप गेलाय, तो आधी वळवावा लागेल. हे लेखी मागून घेतलं.

ओलीबद्दलचं बोलणं जास्त महत्त्वाचं होतं. ओल कुठून येते हे न शोधता तोडफोड करू नका, म्हणाले. नळाच्या पाइपातून येत असेल तर पाणी वापरा न वापरा, ओल वाढतच राहते. रात्रभर सगळे नळ बंद ठेवूनही मीटर फिरत असेल तर गळती पुरवठ्याच्या बाजूला आहे. सांडपाण्याच्या पाइपातून असेल तर पाणी वापरल्यावरच वाढते. ती शक्यता धरून पाहायची तर जमीन कोरडी ठेवून नुसतं जाळीत पाणी सोडायचं. आणि जमिनीतून असेल तर जाळी बंद करून जमिनीवर पाणी साठवल्यावर दिसते. एका वेळी एकच गोष्ट करायची, मध्ये दोन-तीन दिवस थांबायचं, कारण डाग उमटायला वेळ लागतो.

मीटर रात्रभर तसूभर हलला नाही. पुढच्या दोन चाचण्या या आठवड्यात.

१५ जानेवारी

नावं गोळा केली. शेजारी, ऑफिसमधली दोघं, आईची मैत्रीण, हार्डवेअरवाले यांच्याकडून मिळून ७ नावं. सगळ्यांना फोनवर तेच प्रश्न विचारले. सध्या किती कामं चालू आहेत? साइटवर रोज कोण असतं? दोन वर्षांपूर्वीचं एखादं काम दाखवाल का? कोटेशन बाबवार द्याल का? पक्कं बिल मिळेल ना?

दोघांनी परत फोन केला नाही. एक म्हणाले, "बाबवार वगैरे मोठ्या कामाला लागतं, तुमचं छोटं आहे." एक फक्त फर्निचर करतात. उरले तीन. त्यांना इथे पहिले, दुसरे, तिसरे असंच लिहीन.

१९ जानेवारी

पहिले आले. दहा मिनिटांत घर पाहून झालं. टेप काढला नाही. चौरस फुटाचा दर तोंडी सांगितला. "यात काय काय येतं?" विचारलं तर म्हणाले, "सगळं येतं, ताई. तुम्ही टेन्शन घेऊ नका." ओलीचा डाग दाखवला. "वरून केमिकल मारू, जाईल."

निघताना म्हणाले की आज निम्मी उचल दिली तर हा दर, पुढच्या आठवड्यात वाढेल. दर वाढू शकतो हे खरं आहे. पण मी अजून दुसऱ्या कुणाशी बोललेही नाही, अशा वेळी घाई लावणारा माणूस मला नको आहे. तरी लेखी कोटेशन मागितलं.

२२ जानेवारी

दुसरे सकाळी, तिसरे दुपारी.

दुसऱ्यांचं सगळं नीटनेटकं. टॅबवर आधीच्या घरांची चित्रं, आमच्या स्वयंपाकघराचं चित्र दोन दिवसांत करून देतो म्हणाले. बोलणं चांगलं, वेळ पाळली. पण साइटवर रोज कोण असेल याचं उत्तर शेवटपर्यंत "आमची टीम" असंच आलं. प्लंबर कायमचा आहे की कामापुरता बोलावतात, तेही कळलं नाही. बाथरूममध्ये वाकून जाळीकडे त्यांनी पाहिलं नाही.

तिसरे अर्धा तास उशिरा आले, फोन करून कळवलं होतं. सव्वा तास थांबले. पहिला प्रश्न: "मेन व्हॉल्व कुठंय?" मग टाइल स्वतः वाजवल्या, जाळीचं झाकण काढून आत टॉर्च मारला, बादलीभर पाणी ओतून ते कुठे साठतं ते पाहिलं. पाणी जाळीकडे न जाता दाराकडे येत होतं. मीटरला किमान १० ते १५ मिलीमीटर ढाळ हवा, इथे उलटा आहे, म्हणाले. काकांकडे खाली जाऊन छत पाहण्याची परवानगी मागितली. घरात कोण राहतं, काम चालू असताना आई कुठे असेल, हेही त्यांनीच विचारलं.

मग दोन गोष्टी सांगितल्या ज्या मला ऐकायला आवडल्या नाहीत. मार्चआधी सुरू करता येणार नाही, दोन कामं हातात आहेत. आणि बेडरूमची ओली भिंत लगेच रंगवून देणार नाही. विटांची भिंत सुकायला इंचाला साधारण महिना धरतात. आत पाणी असताना पुट्टी आणि रंग लावला तर पुन्हा पोपडे सुटणार. "रंग मीच करायला हवा असं नाही. पण आत्ता करू नका, कुणाकडूनच."

स्वतःचं काम पुढे ढकलणारा सल्ला मला आजवर कुठल्या कंत्राटदाराने दिला नव्हता.

२४ जानेवारी

दोन्ही चाचण्या झाल्या. जाळीत नुसतं पाणी सोडलं तेव्हा खालच्या डागात फरक नाही. जमिनीवर पाणी साठवलं, तिसऱ्या दिवशी काकांच्या छतावर ओलसर कडा दिसली. म्हणजे जमिनीचंच वॉटरप्रूफिंग गेलंय. तिघांनाही हे कळवलं.

३१ जानेवारी

तिन्ही कोटेशन आली. जमिनीवर पसरून बसले, आजचा अख्खा रविवार यातच गेला.

पहिल्यांचं एक पान. दुसऱ्यांची अकरा पानं, पण त्यातली सात चित्रांची. तिसऱ्यांची पाच पानं, हाताने लिहिलेली, आणि शेवटच्या पानावर मथळा: "यात धरलेलं नाही." जुनी खिडकी बदलणं नाही, बेडरूमचा रंग नाही, स्लॅबखाली काही तुटकं निघालं तर ते नाही, टाइल आणि नळ आमचे. हे पान वाचून सुरुवातीला दडपण आलं. मग बाकीच्या दोघांच्या कागदांत हेच शोधायला गेले, तर त्यांच्याकडेही यातलं काही नव्हतंच. फक्त नाही असं लिहिलेलं नव्हतं.

शेवटच्या आकड्यात पहिले तिसऱ्यांपेक्षा २८ टक्क्यांनी स्वस्त. मग एका वहीत उभ्या रेघा मारून एकेक बाब समोरासमोर मांडली. पहिल्यांच्या कागदात डेब्रिज उचलणं नाही. भिंतीत पाइपसाठी झिरी पाडणं आहे, पण ती बुजवून प्लास्टर करणं नाही. वायर "चांगल्या प्रतीची" आहे, जाडी लिहिलेली नाही. (तिसऱ्यांकडे लिहिलंय: दिव्यांना १.५, प्लगला २.५, गीझरला ४ चौरस मिलीमीटर, तांब्याची. शिवाय ३० मिलीअँपिअरला तुटणारा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच.) वॉटरप्रूफिंगला पहिल्यांकडे एक शब्द, तिसऱ्यांकडे सात ओळी: स्लॅब साफ करणं, कोपऱ्यांना आणि पाइपांभोवती गोलाई, दोन हात एकमेकांना आडवे, शॉवरच्या भिंतींवर १.८ मीटरपर्यंत, इतर भिंतींवर ३० सेंटीमीटर, पाणी भरून चाचणी. ओल बहुतेक वेळा कोपऱ्यातून आणि पाइपाभोवतीच शिरते, त्यामुळे ती गोलाई कागदावर असणं मला फार मोलाचं वाटलं.

मोजमापाचीही गंमत नाही, ती खरी पैशाची गोष्ट आहे. प्लास्टर आणि रंग मोजताना दारं-खिडक्या वजा करणार की नाही, कपाटं समोरच्या चौरस फुटावर मोजणार तर आतले ड्रॉवर त्यात येतात की वेगळे, स्कर्टिंग लांबीवर की क्षेत्रफळावर. दर तोच असला तरी मोजायची पद्धत बदलली की बिल बदलतं. दुसऱ्यांच्या कागदात ही पद्धत कुठेच सांगितलेली नाही.

राहिलेल्या बाबी भरून काढल्यावर पहिल्यांचा फरक २८ वरून ६ टक्क्यांवर आला. दुसरे तिसऱ्यांपेक्षा थोडे महागच ठरले.

ठरवलं की माझ्याच यादीवर तिघांकडून पुन्हा भाव घ्यायचे. पहिले म्हणाले, "एवढं कोण लिहीत बसणार?" ते इथे थांबले.

६ फेब्रुवारी

दुसऱ्यांनी दाखवलेलं काम पाहिलं. सुंदर होतं, पण तीन महिन्यांपूर्वीचं. नव्या कामावरून काहीच कळत नाही. नवं असताना आमचं बाथरूमही असंच दिसत होतं. जुनं दाखवा म्हटलं तर "त्या लोकांना त्रास द्यायला नको."

तिसऱ्यांनी चार पत्ते दिले, निवड माझी. त्यातलं सर्वांत जुनं निवडलं, अडीच वर्षांपूर्वीचं. घरात एक आजी आणि त्यांची सून. आजींनी स्वतःच नाणं दिलं, "वाजव, वाजव" म्हणाल्या. एकही पोकळ नाही. टाइलच्या सांध्यांत काळेपणा आलाय, तो वापराचा. कपाटाचं एक दार किंचित उतरलंय.

मी विचारलं, "काही बिघडलं का नंतर?" सून म्हणाली, तिसऱ्या महिन्यात सिंकखाली गळायला लागलं. फोन केल्यावर दुसऱ्या दिवशी प्लंबर आला, त्याला सापडलं नाही. मग कंत्राटदार स्वतः आले, दोन टाइल फोडल्या, जोड बदलला, टाइल पुन्हा बसवल्या. पैसे मागितले नाहीत. मी विचारलं, आणि तक्रार? "काम साडेतीन आठवडे लांबलं. तेव्हा फार त्रास झाला आम्हाला."

मी घरी येताना त्या सिंकचाच विचार करत होते. चूक त्यांच्याकडूनही झालीच. पण ते परत आले. सहा वर्षांपूर्वी मला एवढंच हवं होतं.

७ फेब्रुवारी

उशीर का झाला हे तिसऱ्यांना थेट विचारलं. त्यांनी ते नाकारलं नाही. गवंडी मधेच सोडून गेला, दुसरा मिळायला वेळ लागला, आणि आपण ते आधी कळवलं नाही ही आपली चूक, असं म्हणाले. आता मुकादम दर शनिवारी पुढच्या आठवड्याचं काम लिहून देतो.

१० फेब्रुवारी

त्यांची चालू साइट पाहिली, घरमालकांना विचारून, पण दिवस आदल्या रात्री ठरवला. सिमेंटच्या गोण्या फळ्यांवर, भिंतीपासून सुटून ठेवलेल्या. कालच्या प्लास्टरवर गोणपाट ओलं होतं. तारीख भिंतीवर खडूने लिहिलेली, म्हणजे कितव्या दिवशी पाणी मारणं थांबवायचं ते कळतं. किमान सात दिवस मारतात. मसाला थोडा थोडा कालवत होते. एकदम मोठा ढीग कालवला की तो घट्ट होत जातो आणि मग त्यात पुन्हा पाणी ओततात, ताकद तिथेच जाते.

गवंडीदादांशी बोलले. किती वर्षं यांच्याकडे? "सात झाली." पगार? "शनिवारचा शनिवारी." उंचावर काम करणाऱ्याकडे हेल्मेट नव्हतं, ते मला खटकलं आणि मी तसं सांगितलं.

१३ फेब्रुवारी

दादाशी वाद झाला. त्याचं म्हणणं, सहा टक्के म्हणजे काही थोडे पैसे नाहीत, पहिल्यांशी पुन्हा बोलून बघ. त्याचे पैसे कष्टाचे आहेत, त्याला असं वाटणं चूक नाही. मी वहीची पानं फोटो काढून पाठवली आणि काकांच्या छताचाही फोटो पाठवला. रात्री उशिरा त्याचा मेसेज आला: "तिसऱ्यांनाच दे. पण करार मला दाखव."

१८ फेब्रुवारी

करारावर दोन संध्याकाळी गेल्या. उचल १० टक्के. पाइपांची दाब-चाचणी झाल्यावर २०, बाथरूमची पाणी-चाचणी झाल्यावर २५, टाइल आणि ओटा झाल्यावर २५, काम ताब्यात देताना १५, उरलेले ५ सहा महिन्यांनी. मी शेवटचे १० टक्के मागे ठेवायला सांगितले होते. त्यांनी सांगितलं की माणसांची मजुरी थांबवता येत नाही, ५ वर आलो.

जादा काम असेल तर आधी चिठ्ठी, दोघांच्या सह्या, मगच हातोडा. एका वर्षात निघालेले दोष विनामोबदला. मजुरांचा विमा त्यांचा, त्याची प्रत माझ्याकडे. भिंत बुजवण्याआधी प्रत्येक पाइपाचा आणि वायरीचा टेप धरून फोटो. हेल्मेटचीही ओळ घातली.

उशिराच्या दंडावर ते अडले. म्हणाले, टाइल तुम्ही उशिरा निवडल्या तर दंड मी का भरू? बरोबर आहे. मग माझ्या निवडींच्याही तारखा करारात आल्या. त्या पाळायच्या म्हणजे आता मलाच पळावं लागणार.

खर्चाच्या १५ टक्के रक्कम दादाने आणि मी वेगळी काढून ठेवली, अचानक काही निघालं तर.

१ मार्च

सुरू. आई मावशीकडे गेली.

५ मार्च

ऑफिसमध्ये असताना फोन. "मॅडम, काम थांबवलंय. येऊन बघता का?" जाळीखालच्या सांडपाण्याच्या पाइपाला चीर. चाचणीत दिसली नव्हती, वरच्या बाजूला आहे, पाइप भरून वाहिला तरच गळेल. "यात धरलेलं नाही" या पानावरची बाब. त्यांना वाटलं असतं तर तसंच बुजवून टाकता आलं असतं, मला कधी कळलं नसतं. चिठ्ठी लिहिली, सह्या झाल्या, दादाला फोटो पाठवला.

११ मार्च

दाब-चाचणी. नेहमीच्या दाबाच्या दीडपट. प्लास्टिकचे पाइप सुरुवातीला थोडे ताणतात म्हणून काटा जरा उतरला, पुन्हा दाब भरला, मग रात्रभर हलला नाही. करारात ठरलेले पाइप-वायरींचे फोटो झाले ६४. दुसरा हप्ता दिला.

२५ मार्च

पाणी-चाचणी नापास. काल सकाळी भरलं, आज काकांच्या छतावर पाइपाभोवती अंगठ्याएवढी ओल. माझे हातपाय गळाले. कंत्राटदार तासाभरात आले, आधी खाली जाऊन काकांची माफी मागितली, मग पाणी काढलं. पाइपाभोवतीची गोलाई एका बाजूला नीट चिकटली नव्हती. तेवढाच भाग नाही, पूर्ण जमीन पुन्हा करतो म्हणाले, त्यांच्या खर्चाने. हप्ता मागितला नाही.

४ एप्रिल

दुसरी चाचणी, ७२ तास. भिंतीवर पाण्याच्या पातळीची पेन्सिलची खूण, शेजारी पाण्याने भरलेली परात, म्हणजे हवेने किती उडतं ते वेगळं कळावं. आज सकाळी जमिनीवरचं पाणी खुणेच्या ३ मिलीमीटर खाली, परातीतलंही तेवढंच. काका स्टुलावर चढले आणि छताला कोरडा टिश्यू दाबून धरला. कोरडाच निघाला. तिसरा हप्ता दिला. टाइल उद्यापासून, सांध्यांचा रंग मला आज रात्रीपर्यंत कळवायचाय.